चांदवडची वहिवाट

नाशिकाहून मालेगांवाकडे जाणारा प्रवासी हल्लीं चांदवड पाहतो तें मोटारीच्या कांचेंतून, आणि तेंही फार तर दोन मिनिटें. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकापासून सुमारें ६५ किलोमीटर अंतर काटलें, कीं सातमाळ्याच्या डोंगरांची रांग जवळ येते, टेंकडीच्या कुशींत रेणुकामातेचें मंदिर दिसतें, प्रवाशाचे हात आपोआप जोडले जातात आणि मोटार राहुडाच्या घाटाकडे निघून जाते. गांवांत शिरावें, होळकरांचा रंगमहाल पाहावा, असें फारच थोड्यांच्या मनांत येतें. वास्तविक ज्या वाटेवरून आपण इतक्या वेगानें जातों, त्या वाटेमुळेंच हें गांव नांवारूपास आलें, तिच्यावर श्रीमंत झालें, आणि व्यापारानें दुसरी वाट धरली तेव्हां मागें पडलें. ही हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगानें आमच्या घरीं वर्षभर चाललेल्या एका वादाची कथाही वाचकांपुढें ठेवावी, असें आम्ही योजिलें आहे. कारण तो वाद आज अनेक एकत्र कुटुंबांतून थोड्याफार फरकानें चालू असेल.

चांदवडचें महत्त्व कळण्यास नकाशाकडे एक दृष्टि टाकणें पुरे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेली सातमाळ्याची रांग गोदावरीचें खोरें व गिरणेचें खोरें ह्यांच्यामध्यें भिंतीसारखी उभी आहे. ह्या भिंतींत ज्या थोड्या बाऱ्या आहेत, त्यांपैकीं एकीच्या तोंडाशीं चांदवड बसलें आहे. खानदेशांतून दक्षिणेस उतरणारा माल आणि कोंकणपट्टींतून थळ घाट चढून उत्तरेकडे जाणारा माल, ह्या दोहोंसही येथें थांबणें सोयीचें. राजधेर, कोळधेर, इंद्राई आणि चांदवड असे चार किल्ले एकमेकांच्या हाकेवर उभे आहेत, ते उगाच नव्हेत. जेथें वाट अरुंद होते, तेथें जकात घेणें सोपें जातें आणि जेथें जकात मिळते तेथें किल्ला उभा राहतो. यादवकुळाचा मूळपुरुष दृढप्रहार ह्यानें नवव्या शतकांत वसविलेलें चंद्रादित्यपूर तें हेंच, असें इतिहासकार मानितात. चंद्र आणि आदित्य हे दोघेही ज्याच्या नांवांत, त्या गांवाच्या वाट्यास अपभ्रंशांत एकटा चंद्रच राहिला.

अठराव्या शतकांत हें गांव होळकरांकडे आलें आणि त्याचें भाग्य उघडलें. सुभेदार मल्हारराव होळकरांनीं कारागीर आणून येथें वसविले व नवी पेठ बसविली. सुभेदार १७६६ सालीं वारले. दुसऱ्या वर्षीं अहिल्याबाईंनीं कारभार हातीं घेतला आणि १७९५ सालीं देह ठेवीपर्यंत तो चालविला. त्यांची राजधानी नर्मदातीरीं महेश्वरास, आणि पेशव्यांचा दरबार पुण्यास. ह्या दोन टोंकांमधील वाटेवर होळकरांचें मोठें ठाणें तें चांदवड. रंगमहाल किंवा होळकरवाडा म्हणून जी वास्तु गांवांत उभी आहे, ती अहिल्याबाईंच्याच नांवानें ओळखली जाते.

ह्याच चांदवडास होळकरांची टांकसाळ होती. चांदवडी रुपयाचें नांव जुन्या जमाखर्चांच्या वह्यांतून वारंवार भेटतें. नाणें होळकरांचें; परंतु त्यावर फारसी लिपींत नांव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचें, आणि टांकसाळीचें नांव जाफराबाद, म्हणजे चांदवडचें मोगलांच्या वेळचें नांव. ज्यांच्या तलवारीचा दरारा दिल्लीपर्यंत होता त्यांनीं स्वतःचें नांव नाण्यावर कां घालूं नये, असें आजच्या विद्यार्थ्यास वाटेल. ह्याचें उत्तर सराफाच्या पेढीवर सांपडतें. त्या काळीं गांवोगांवचे रुपये निराळे. वजन निराळें, कस निराळा. रुपया हातीं आला कीं सराफ तो वाजवून पाही, तोली, आणि बट्टा कापून घेई. बाजाराच्या ओळखीची मुद्रा असली तर बट्टा कमी, अनोळखी असली तर अधिक. म्हणून सत्ता बदलली तरी मुद्रा जुनीच ठेवण्याचा शहाणपणा त्या काळच्या बहुतेक राज्यकर्त्यांनीं दाखविला. राजाच्या हुकमापेक्षां बाजाराची वहिवाट वरचढ, ही गोष्ट त्यांस ठाऊक होती. वहिवाट हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हा लागणार आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १८०४ सालीं यशवंतराव होळकरांशीं चाललेल्या युद्धांत कर्नल वॉलेस ह्या इंग्रज सेनानीनें चांदवड घेतलें. तहानें तें होळकरांस परत मिळालें खरें. परंतु ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख होळकरांस सोडावा लागला. टांकसाळ त्यानंतर कांहीं वर्षें रखडत चालून बंद पडली. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत एकाच वजनाचा व एकाच छापाचा रुपया सुरू झाला, तेव्हां चांदवडी रुपयास मोड म्हणूनच किंमत राहिली. राहतां राहिली वाट. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी आली, ती लासलगांव-मनमाडावरून निघून गेली. चांदवडाहून मनमाड अवघें २५ किलोमीटर; परंतु पेठ उठून जावयास तेवढें अंतर पुरेसें होतें. बैलांचे तांडे थांबले, त्यांबरोबर वखारी ओस पडल्या. कोणी जाळपोळ केली नाहीं, कोणी लुटलें नाहीं. माणसें यावयाचीं थांबलीं, इतकेंच.

आतां आमच्या घरच्या वादाकडे वळतों. आमचा वडिलोपार्जित वाडा निफाड तालुक्यांतील एका खेड्यांत आहे. दगडी जोतें, त्यावर पांढरीच्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, मधें चौक, चोहोंबाजूंस सोपे, भिंतींत धान्याचीं बळदें, आणि माथ्यावर धाबें. शहरांत वाढलेल्या वाचकांस धाब्याचा अर्थ सांगितला पाहिजे, कारण हल्लीं त्या शब्दानें रस्त्याकडेची खानावळच डोळ्यांपुढें येते. सागवानी तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर पाल्याचा थर आणि त्यावर वीतभर माती चोपून बसविलेली असते. सर्वांत वर खारी माती पसरतात. तींत गवत सहसा रुजत नाहीं, आणि ती भिजली म्हणजे दाट बसून पाणी खालीं उतरूं देत नाहीं. उन्हाळ्यांत घर गार आणि थंडींत उबदार. परंतु ह्या सुखाची एक अट आहे. दर वर्षीं रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं धाब्यावर चढून भेगा बुजवाव्या लागतात, नवी माती पसरावी लागते, पन्हाळीं मोकळीं करावीं लागतात. एक वर्ष चुकलें तर घर गळतें. दोन वर्षें चुकलीं तर तुळईचें टोंक कुजतें. आणि तिसऱ्या वर्षीं भिंतीस फुगारा येतो. दगडाचें देऊळ शंभर वर्षें एकटें राहूं शकतें. मातीच्या घरास मात्र दर वर्षीं माणसाचा हात लागतो.

आणि हात कमी झाले आहेत. आम्ही तिघे बंधु. मधले दिवंगत झाले. त्यांचा मुलगा अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत नोकरीस आहे. धाकटे बंधु व आम्ही नाशिकास असतों. वाड्याच्या जागेस चांगली किंमत देणारें गिऱ्हाईक आलें, तेव्हां धाकट्या बंधूंनीं स्वच्छ सांगितलें, ‘दादा, माया आम्हां सर्वांनाच आहे, पण माती आणायला कोण आहे?’ ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुतण्यानें मोबाइलच्या पडद्यावरून एक निराळीच तोड सुचविली. तो राहतो त्या संस्थानांत आर्कन्सा नदीच्या कांठीं बेंटचा किल्ला म्हणून एक ठिकाण आहे. बेंट बंधु व त्यांचा भागीदार सेंट व्रेन ह्यांनीं १८३३ सालीं बांधलेलें तें व्यापारी ठाणें. त्या वेळीं ती नदी म्हणजेच अमेरिकेची व मेक्सिकोची सरहद्द होती. सँटा फे नांवाच्या गांवाकडे जाणारे गाड्यांचे तांडे तेथें विसांवत. रानबैलांचीं कातडीं देऊन मूळ रहिवासी तेथें कापड, भांडीं व हत्यारें घेत. भिंती सर्व कच्च्या, उन्हांत वाळविलेल्या विटांच्या. तिकडे त्या विटेस अडोबी म्हणतात. तो शब्द अरबांकडून स्पेनच्या लोकांकडे व तेथून अमेरिकेंत गेला. आपल्याकडील वीट संस्कृत इष्टका शब्दापासून आली. दोन शब्द दोन दिशांनीं जगभर फिरले, पण वस्तु एकच: माती, पाणी, काड्या आणि ऊन. पुढें सरहद्द हलली, पटकीची सांथ आली, व्यापार फिरला, आणि १८४९ सालीं तें ठाणें ओस पडून उद्ध्वस्त झालें. परंतु १८४६ सालीं अॅबर्ट नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें त्याचीं चित्रें व मापें काढून ठेविलीं होतीं. तीं आणि जमिनींतील पायांचे अवशेष ह्यांच्या आधारें १९७६ सालीं तेथील सरकारनें तें जसेंच्या तसें पुन्हा उभारलें.

‘म्हणून म्हणतों, काका,’ पुतण्या म्हणाला, ‘वाड्याचीं बारीक मापें घेऊं, प्रत्येक खांबाचे फोटो काढूं, आणि मग खुशाल विकूं. नकाशा असला म्हणजे घर मेलें असें होत नाहीं. उद्यां कोणाला वाटलें तर पुन्हा बांधील.’

हा युक्तिवाद बिनतोड दिसत होता. आमचें मन त्यास मान्यता देत नव्हतें, पण नुसतें मन वादांत पुरावा होत नाहीं. गेल्या आश्विनांत पुतण्या रजेवर आला, तेव्हां नवरात्र उलटल्यावर आम्ही सर्व मंडळी रेणुकामातेच्या दर्शनास निघालों, आणि परततांना रंगमहालांत गेलों.

बाहेरून हा वाडा गढीसारखाच दिसतो. उंच तट, भक्कम दरवाजा, आणि आंत शिरतांच एकदम चौक आणि आकाश. दरबाराच्या दालनांतील सागवानी खांब पाहून नातवंडें गप्प झालीं, ह्यावरूनच काय तें समजावें. खांबांच्या माथ्यावरील कोरीव कामावर सुताराची नजर किती वेळ खिळली असेल, ह्याचा अंदाज मान दुखेपर्यंत वर पाहिल्यावांचून येत नाहीं. भिंतींवरील रंगीत चित्रें कांहीं ठिकाणीं अजून बोलतात, कांहीं ठिकाणीं पुसट झालीं आहेत. दगड, वीट, माती आणि लांकूड ह्या चौघांचा हा संसार. त्यांत एकानें साथ सोडली कीं दुसऱ्याचें ओझें वाढतें, हें कोणत्याही कोंपऱ्यांत उभें राहिलें तरी दिसतें.

पुतण्यानें टेपानें खांबाचा घेर मोजला, दोन खांबांतील अंतर मोजलें, वहींत आंकडे मांडले. तेवढ्यांत एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस येथील जुनी प्रथा सांगितली. देवी टेंकडीच्या मंदिरांत. पण तिचे अलंकार ह्या वाड्यांत. नवरात्रांत ते अलंकार पालखींत घालून, वाजत गाजत, गांवांतून देवीकडे नेतात. राज्य गेलें, टांकसाळ गेली, तांडे गेले, आगगाडी दुसरीकडून गेली. पण पालखी निघावयाची म्हणून वाड्याचा दरवाजा उघडावाच लागतो, अंगण झाडावेंच लागतें, आणि उंबऱ्याशीं चार माणसें जमावींच लागतात.

आम्हांस जें युक्तिवादांत सांपडत नव्हतें, तें येथें सांपडलें. आमच्या भाषेंत वहिवाट ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चालून चालून पडलेली वाट ती वहिवाट, आणि वापरून वापरून मिळालेला हक्क तीही वहिवाट. चांदवडी रुपया वहिवाटीवर चालला. चांदवडची पेठ वहिवाट तुटली म्हणून बसली. आणि ह्या वाड्याला अजून जी धुगधुगी आहे, ती पालखीच्या वहिवाटीची आहे. आम्ही पुतण्यास म्हटलें, ‘तुझ्या नकाशांत भिंतीची जाडी येईल, खांबाचा घेर येईल. पण दर वर्षीं ह्या दिवशीं दार उघडायचें, हें कोणत्या रेघेनें काढशील?’

पुतण्या सरळ मनाचा आहे. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘खरें आहे, काका. त्या किल्ल्यांत जुना पोशाख घालून लोहारकाम दाखवितात, मुलांना मौज वाटते. पण त्या लोहाराकडे कोणी घोडा घेऊन येत नाहीं.’

येथें वाद आमच्या बाजूनें निकालांत निघाला, असें आम्हांस वाटूं लागलें होतें. तोंच आमची थोरली सून, जी एरवीं वडील मंडळींच्या बोलण्यांत पडत नाहीं, ती म्हणाली, ‘मामंजी, वहिवाट राखायची ती कोणाच्या हातांनीं? धाब्यावर पुरुष वर्षांतून दोन दिवस चढतात. सारवण, झाडलोट, पोतेरें, बळदांतलें धान्य, हें बारा महिने. सासूबाईंनीं तें चाळीस वर्षें केलें. त्यांचें नांव वाड्याच्या उताऱ्यावर आहे का?’

नव्हतें. बोलण्याचें ठिकाणही तिनें मोठें समर्पक निवडलें होतें. ज्या वाड्यांत आम्ही उभे होतों तो एका स्त्रीच्या कर्तृत्वाची साक्ष. आणि ह्याच चांदवडास ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजीं शेतकरी महिलांचें अधिवेशन भरलें होतें. शेतकरी संघटनेच्या हांकेस ओ देऊन महाराष्ट्रांतील खेड्याखेड्यांतून लाखांनीं स्त्रिया ह्या गांवीं लोटल्या. राबणाऱ्या बाईचें नांव जमिनीवर असावें, हा विचार त्या चळवळींतून पुढें आला, आणि शरद जोशी ह्यांच्या लक्ष्मीमुक्ति मोहिमेंत पुष्कळ शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा हिस्सा खुशीनें पत्नीच्या नांवें केला. आम्हां सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांत जी गोष्ट कोणास सुचली नव्हती, ती खेड्यांतील पाटलांनीं व कुणब्यांनीं करून दाखविली होती. सूनबाईच्या प्रश्नास अहिल्याबाईंच्या वाड्यांत उभें राहून टाळाटाळीचें उत्तर देणें आम्हांस शक्य नव्हतें. धाकटे बंधुही खालीं पाहून म्हणाले, ‘दादा, ती बरोबर बोलली.’

त्या रात्रीं घरीं बसून जो ठराव झाला, तो वाचकांपैकीं कोणास उपयोगी पडेल म्हणून देतों. वाडा तूर्त विकावयाचा नाहीं. तीन शाखांनीं धाब्याची पाळी वांटून घ्यावयाची. ज्याची पाळी त्यानें स्वतः हजर राहावयाचें, नुसते पैसे पाठवून पाळी फिटणार नाहीं. वर्षांतून एक कुळाचार वाड्यांतच व्हावयाचा. त्यासाठीं चैत्रांतील नवरात्र ठरलें. वाड्याच्या उताऱ्यावर तिन्ही शाखांतील स्त्रियांचीं नांवें लावावयाचीं, आणि विक्रीचा प्रश्न पुन्हा निघाला तर त्यांच्या संमतीवांचून कागद होणार नाहीं. शेवटचें कलम धाकट्या बंधूंनीं घातलें, आणि तें आम्हांस प्रथम कडू लागलें तरी न्यायाचें आहे: कोणत्याही शाखेची पाळी दोनदां चुकली, तर वाडा विकण्यास कोणीं आड यावयाचें नाहीं. भिंतीस ज्या नियमानें फुगारा येतो, तोच नियम माणसांसही लागू करावा, असें त्यांचें म्हणणें. आम्ही त्यावर सही केली.

पुतण्यानें घेतलेलीं मापेंही वायां गेलीं नाहींत. चांदवडाहून परततांना त्यानें आमच्या वाड्याचा नकाशा काढण्याचें मनावर घेतलें, आणि कोणती तुळई केव्हां बदलली, कोणत्या पन्हाळाला गळती आहे, हें सर्व त्यांत नोंदविलें. घर पाडून नकाशा ठेवण्यापेक्षां घर राखण्यासाठीं नकाशा ठेवणें अधिक शहाणपणाचें, हें त्याचें त्यालाच पटलें.

ज्या घरांतून असे वाडे अजून उभे आहेत, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. वाड्याच्या थोरवीचीं भाषणें करूं नयेत. त्यानें एकही भेग बुजत नाहीं. वाड्यास एखादें काम द्यावें, दर वर्षीं ठराविक दिवशीं दार उघडावयास लावील असें; तें काम कोण करणार हें नांवनिशीवार ठरवावें; आणि जे हात तें काम करतील त्यांस हक्कही द्यावा. एवढें जमत नसेल तर मनाची फसवणूक न करितां वाडा दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, म्हणजे निदान तो तरी त्यांत राहील.

पहिली पाळी पुतण्याची लागली आहे. येत्या वैशाखांतील रजा त्यानें मंजूर करून घेतली असून, शेजारच्या शेतकऱ्याकडे खाऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेविल्या आहेत.